सतरंजीतली धूळ कशानं निघते: ओढीनं की वाऱ्यानं?

ताईंनो, नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात ते उगीच नाही. एकादशीला गडावर पाय ठेवायला जागा नसते, आणि आजूबाजूच्या गावांत सप्ताह, लग्नं चालूच असतात. म्हणजे सतरंज्या, जाजमं, मंडपाची मॅट, कार्यालयातले गालिचे मळणार आणि कुणीतरी ते साफ करून द्यायचेच. हे काम गटानं घ्यावं, कर्ज काढून व्हॅक्यूम मशीन आणावं, असं तुमच्याकडं चाललं असेल तर दुकानात जायच्या आधी एवढं वाचा. हप्ता आपल्याला फेडायचाय, दुकानदाराला नाही.

दुकानदार पहिलं वॅट सांगतो. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. १४०० वॅटचं मशीन तासाला साधारण १.४ युनिट खाणार, एवढंच त्यातून कळतं. काम किती करणार ते दोन गोष्टींवर असतं: ओढ आणि वारा. विहिरीवरची मोटार आठवा. पाणी किती उंच चढवते हे एक आणि किती पाणी टाकते हे वेगळं. वरचा कॉक पुरा बंद केला तर दाब भरपूर, पाणी थेंबभर नाही. मशीनचंही तसंच. पाइपच्या तोंडावर तळहात धरला की हात खेचला जातो आणि आपण म्हणतो, बाई, केवढी ताकद! पण त्या वेळी आत वारा जातच नसतो. धूळ तर वाऱ्यावर जाते. खळ्यावर उपणताना वारं पडलं की भुसा दाण्यातच पडतो, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

मग ओढ कशाला? तर वारा जाड गालिच्याच्या बुडातून यावा म्हणून. दोन्ही लागतं.

म्हणून पातळ सतरंजीवर तोंड घट्ट चिकटलं तर खूश होऊ नका. वारा बंद झालाय. दांड्यावर सरकती खिडकी असते, ती थोडी उघडा. जाड गालिच्यावर ती बंद ठेवा आणि तोंड सावकाश मागं ओढा. घाईघाईनं पुढं-मागं केलं तर वरचा कचरा निघतो, बुडातली माती तशीच राहते. आणि मशीनच्या आधी काठीनं झोडपायची आपली जुनी रीत सोडू नका, माती सैल होते.

वारा मरतो कुठं? लांब आणि अरुंद पाइपात, पाइपाच्या वळणात, भरलेल्या पिशवीत, मातीनं लिंपलेल्या फिल्टरमध्ये, झाकणाच्या फाटक्या रबरात. आवाज एकदम चढला तर मशीनला जोर आला असं समजू नका, कुठंतरी तुंबलंय. पुष्कळ छोट्या मशीनची मोटार त्याच वाऱ्यानं गार राहते, तुंबलं की तापते आणि जळते. शेतीपंप चालू असताना व्होल्टेज पडलं तरी ओढ कमी होते, ते काम दुसऱ्या वेळी करा.

ही विद्या तशी जुनीच. लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथनं १९०१ मध्ये ओढणारं यंत्र केलं. त्याआधीची काही यंत्रं धूळ फुंकून उडवायची, ती परत खालीच बसायची. बूथनं म्हणे खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडानंच ओढून बघितलं होतं. त्याचं यंत्र घोडागाडीवर यायचं, रस्त्यावरच उभं राहायचं आणि नळ्या खिडकीतून घरात जायच्या!

आता ओलं काम. त्यासाठी ओलं-सुकं दोन्ही ओढणारं मशीन लागतं; साध्या मशीननं पाणी ओढू नका. ओलं ओढताना कागदी फिल्टर काढा, पुस्तिकेत सांगितलेला लावा. शाम्पू बेतानं. फेस फार झाला तर टाकीतला तरंगता गोळा तो अडवू शकत नाही, फेस मोटारीत जातो. पाण्याचा एक हात मारला तर नुसत्या ओढीचे दोन-तीन हात मारा, सावकाश, पाइपात थेंब दिसायचे थांबेपर्यंत. मशीननं काढलेलं पाणी उन्हाला सुकवावं लागत नाही. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग असल्याशिवाय मशीन लावायचं नाही, आणि अर्थिंग असलं तरी ओल्या हातानं कुणीही बटणाला हात लावायचा नाही. यात भीड नको.

सुकवताना पुन्हा वाराच. गच्चीवर पसरली तर खालची बाजू ओली राहते. दोरीवर किंवा बांबूवर टाका, दोन्हीकडून वारं लागेल. पंखा लावायचा तर खाली, कापडाच्या कडेनं वारा सरकेल असा. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी, काम पटकन होतं. आषाढ-श्रावणात हवाच ओली असते, म्हणून तेव्हा ‘उद्या देते’ असा शब्द देऊ नका. आतून ओली घडी घातली की कुबट वास आणि बुरशी, मग ते गिऱ्हाईक परत येत नाही.

वाळली का, हे हातानं नीट कळत नाही. झोडपून, कोरडी धूळ ओढून झाली की सतरंजी काट्यावर घाला आणि वजन वहीत लिहा. धुऊन वाळल्यावर परत घाला. आकडा पहिल्याइतका किंवा थोडा कमी आला तरच घडी घाला.