शीळकरी कस्तुराच्या शोधांत

ज्यानें सारी हयात वर्गांतील शीळ बंद करण्यांत घालविली, त्या मास्तरानें उतारवयांत शीळ ऐकण्यासाठीं पावसांत भिजत जावें, हें आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस विचित्र वाटेल. परंतु आम्ही ज्याच्या शोधांत गेलों, त्या पक्ष्यास इंग्रजांनीं नांवच मुळीं ‘शीळ घालणारा शाळकरी’ असें दिलें आहे! आपल्याकडे त्यास शीळकरी कस्तूर म्हणतात.

हा पक्षी सह्याद्रीचा. साळुंकीहून किंचित् मोठा. रंग निळसर काळा. कपाळावर व खांद्यांवर तेजस्वी निळी झांक. ओढ्याकांठच्या दाट सावलींत तो राहतो, खडकाच्या कपारींत घरटें बांधतो, खेकडे व गोगलगाई खातो. आणि पावसाळ्यांत, विणीच्या दिवसांत, पहाटेपासून गातो. महाबळेश्वर-माथेरानकडे तो सहज भेटतो; मुंबईच्या उपनगरांत मात्र दुर्लभ. तरी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत, कान्हेरीच्या परिसरांत, तो आढळतो. ‘कान्हेरी’ हें ‘कृष्णगिरि’ या संस्कृत नांवाचें अपभ्रष्ट रूप. त्या गिरीवर असा श्यामवर्ण वेणुवादक असावा, हें उचितच नव्हे काय?

अलीकडे आमचे कान मंद झाले आहेत. बारीक किलबिल ऐकूं येत नाहीं. श्रावणांत नातू कान्हेरीहून येऊन म्हणाला, “आजोबा, तिथें ओढ्यापाशीं कोणीतरी मुलगा शीळ घालतो, पण दिसत कोणीच नाहीं!” आम्हीं तत्काळ ओळखलें. ही शीळ या वर्षीं ऐकली नाहीं, तर पुढें ऐकूं येईलच असा भरंवसा नव्हता. पुढच्याच रविवारीं छत्र्या घेऊन दोघेही निघालों.

प्रथम आम्ही त्याचा पाठलाग करीत सुटलों. व्यर्थ! शेवटीं दमून वाटेकडेच्या दगडावर स्वस्थ बसलों. थोड्या वेळानें पाण्याच्या खळखळाटांतून शीळ उमटली: चाल विसरलेल्या पोरासारखी वर चढली, मध्येंच घसरली, पुन्हां सांवरली. मनुष्याच्या शिळेचीच ती पट्टी. म्हणूनच आमच्या थकलेल्या कानांनींही ती टिपली. पक्षी दिसला तो क्षणभर. एक निळी चमक, आणि नाहींसा.

परततांना जुनी गोष्ट आठवली. घाटपायथ्याच्या शाळेंत असतांना, भर पावसांत सुभाषित शिकवीत होतों. मागच्या बांकावरून अशीच शीळ आली. आम्हीं त्या मुलास तासभर वर्गाबाहेर उभें केलें. ‘ही चाल तूं कोठें ऐकलीस?’ एवढें विचारण्याचें सुचलें नाहीं.

वाचकहो, आपणही जा. मात्र पाठलाग करूं नका. फोनवर त्याचा आवाज वाजवून त्यास फसवूं नका. विणीच्या काळांत त्यानें पाखराचें चित्त विचलित होतें. ओढ्यांत कचरा टाकूं नका. ओढा गेला, तर हा शाळकरी कोठें बसेल? मुकाट्यानें बसा. शिकविण्याची पाळी आतां त्याची आहे.