आईचा पत्ता

पहाटे ५.३० : बेघरांच्या निवाऱ्यात पाण्याच्या टाकीपाशी बादल्यांची रांग लागते आणि भांडण ठरलेलंच. आज मात्र एक बाई सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकून, केसांना तेल लावून बसली आहे. आज बालकल्याण समितीपुढे तारीख. ती तापाने दवाखान्यात पडलेली असताना तिची मुलं पुलाखाली एकटी सापडली. सात वर्षांची मुलगी बालगृहात गेली, दीड वर्षाचा मुलगा शिशुगृहात.

८.०० : या वेळी ती कॅटरिंगवाल्याकडे पोळ्या लाटत असते. आज खाडा, म्हणजे पैसे कापले. गंमत अशी की तारखेला दाखवायची असते तिची कमाईच.

९.३० : मी तिची फाईल पुन्हा तपासते. निवाऱ्याच्या प्रमुखाच्या दाखल्यावर आधार कार्ड निघालं, त्यावरून बँकेत खातं. सगळ्यांत वरचा कागद म्हणजे आई हयात आहे आणि मुलं मागते आहे, असा अर्ज. तो आम्ही कार्यकर्त्यांनी आधी धावत नेऊन दिला होता. दोन वर्षांच्या आतलं मूल सोडून दिलेलं ठरलं, तर दोन महिन्यांत ते दत्तकासाठी मोकळं जाहीर होऊ शकतं. मोठ्या मुलांसाठी ही मुदत चार महिन्यांची.

११.०० : बाकावर बसून राहणे.

१.१५ : पुकारा. अंतिम निर्णयाला किमान तीन सदस्य लागतात; आज आहेत.

"मुलांना ठेवणार कुठं?"

"खोली बघितलीय, मॅडम."

"कामावर गेल्यावर धाकट्याला कोण सांभाळणार?"

ती माझ्याकडे बघते. मी मुद्दाम गप्प राहते. उत्तर तिचंच हवं. "शेजारची आजी. पैसे देऊन," ती म्हणते. संस्था हा शेवटचा उपाय, असं २०१५चा बाल न्याय कायदा सांगतो. पण मूल संस्थेत पोचतं एका दिवसात आणि परत आणायला घरभेटीचा अहवाल लागतो. प्रश्न योग्यच आहेत. ते फक्त गरीब आईलाच विचारले जातात, हे मला खुपतं. घरभेट करा, पुढच्या तारखेला बघू, असा आदेश होतो.

२.३० : मुलीची भेट. रडारड होईल म्हणून मी रुमाल काढून ठेवलेला. पोरगी विचारते, "आई, माझी शाळा हीच राहील ना?" आमच्या कुठल्याच अर्जात हा रकाना नाही.

५.०० : गोवंडीतली खोली. घरमालकाला डिपॉझिट हवं, त्याआधी नवरा कुठंय ते हवं. "मी आहे की," बाई म्हणते. अकरा महिन्यांच्या करारावर बोलणी येतात. बालसंगोपन योजनेचे मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मंजूर झाले तर भाडं आणि आजीचे पैसे भागतील. डिपॉझिटचं मात्र एखाद्या देणगीदाराला विचारावं लागेल.

९.०० : अहवाल लिहिते. खोली पत्र्याची, नळ सामाईक, शौचालय सार्वजनिक. शाळा : चालत किती वेळ, उद्या मुलीच्या आईबरोबर जाऊन बघणे.