विटा थापणाऱ्यांची गोष्ट

अशोक विजयादशमी उरकली की आमच्या उमापूरच्या आसपासच्या वस्त्यांवर मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात. उचल घेतलेली असते. कोणी कोयता घेऊन साखर कारखान्याची वाट धरतात, तर कोणी वीटभट्टीची. या आमच्या बांधवांना आज आम्ही एक जुनी गोष्ट सांगणार आहोत. ती दूरच्या देशातली आहे, पण तिच्यातही दुष्काळ आहे, विटा आहेत आणि मुकादमही आहेत.

गोष्ट ज्यू लोकांची आहे. त्यांच्या धर्मग्रंथानुसार अब्राहम हा त्यांचा मूळपुरुष. त्याचा नातू याकोब, त्याचेच दुसरे नाव इस्राएल. दुष्काळ पडला म्हणून याकोबाचे कुटुंब पोट भरायला इजिप्तमध्ये गेले आणि त्यांचे वंशज तेथेच गुलाम झाले. राजा फारो त्यांच्याकडून विटा थापून घेई. पुढे त्याने चिखलात मिसळायचा पेंढा देणेही बंद केले. पेंढा तुम्हीच गोळा करा, विटांचा आकडा मात्र कमी होता कामा नये, असा हुकूम निघाला. अखेर मोझेस नावाच्या पुढाऱ्याने त्यांना या गुलामीतून बाहेर काढले.

इतिहासकार ही कथा जशीच्या तशी मान्य करीत नाहीत. इजिप्तमधून लाखो लोक बाहेर पडल्याचा पुरावा उत्खननात मिळालेला नाही. इस्राएल हे नाव प्रथम आढळते ते मेर्नेप्ताह या इजिप्शियन राजाच्या, इ. स. पूर्व १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात. त्या वेळी हे लोक कनानमध्ये, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या भूमीत होते. पुढे तेथे त्यांची इस्राएल आणि यहुदा अशी दोन राज्ये झाली. इस्राएलचे राज्य इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास असीरियाने बुडविले. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यहुदाची राजधानी यरुशलेम पाडली, मंदिर जाळले आणि पुष्कळांना धरून नेले.

राज्य गेले, मंदिर गेले. उरल्या त्या आठवणी. जुन्या कथा आणि नियम एकत्र करून लिहिण्याचे मोठे काम या वनवासात आणि त्यानंतर झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यरुशलेमचे दुसरे मंदिर रोमन सैन्याने इ. स. ७० मध्ये पाडले, तरीही हा समाज मिटला नाही. कारण त्याने आपला इतिहास मंदिराबरोबर घराघरातही ठेवला होता. दरवर्षी वल्हांडण सणाला घरातले सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारी माणसे गुलामीची हकीकत सांगतात. ताटात बिनखमिराची भाकरी असते आणि गुलामीची आठवण म्हणून कडू पालाही असतो. ईश्वराने सुटका केली, हे आपण बौद्ध मानत नाही. पण पूर्वजांच्या गुलामीची लाज न बाळगता ती लेकरांना सांगावी, हा धडा घेण्यासारखा आहे. परमपूज्य बाबासाहेबांनीही १९४१ साली मोझेसवर लेख लिहिला होता आणि त्या कथेत त्यांना अस्पृश्यांच्या मुक्तीची आशा दिसली होती.

या समाजाची एक शाखा आपल्या महाराष्ट्रातच आहे. ते बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची भाषा मराठी आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावेही मराठी. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधले. वरळीच्या ज्या डॉ. ई. मोझेस रस्त्यावरून आपले कितीतरी बांधव रोज जातात, ते डॉ. मोझेस याच समाजातले, मुंबईचे माजी महापौर.

पण एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. दरवर्षी गुलामीची कथा ऐकणाऱ्या याच समाजात गोरे आणि काळे असे दोन भाग पडले होते. मिश्र विवाहाच्या संततीला काळे म्हणत आणि गोरे त्यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार करीत नसत. पुढे हेच लोक इस्राएलला गेले, तेव्हा १९६० नंतरच्या काही वर्षांत तेथील धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी यांच्याच वंशाची चौकशी मांडली. धरणे, आंदोलने झाली. १९६४ साली तेथील सरकारला, हे सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत, असे जाहीर करावे लागले.

बंधू-भगिनींनो, आपण स्वतःला विचारू या. १९५६ साली नागपूरला आपण जात टाकली. मग सोयरीक जुळविताना पोटजात का विचारतो? आम्हीही याला अपवाद नाही. आमच्याही घरच्या बैठकीत हा प्रश्न निघालेला आहे आणि आम्ही मान खाली घालून गप्प बसलेलो आहोत.

म्हणून आम्ही ठरविले आहे की १४ एप्रिलला मिरवणुकीला निघण्याआधी घरातल्या लहानग्याला जवळ बसवायचे. आजोबा गावकीची कोणती कामे करीत, आजीला पाणी कुठून आणावे लागे, महाडला २० मार्च १९२७ रोजी काय घडले, हे त्याला सांगायचे. आणि सांगून झाल्यावर, आपल्यापेक्षा खालचे कोणी नाही, हेही सांगायचे. यातले दुसरे राहून गेले, तर पहिल्याचा काही उपयोग नाही. आपणही आपल्या घरी हे करून पाहा.

जय भीम!