पाहुण्यासाठी बदललेले घर

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांचा मुक्काम वाँटेज या गावी होता. ‘सेंट मेरी द व्हर्जिन’ या अँग्लिकन भगिनीसंघाचा मठ तिथे होता आणि या संघाच्या भगिनी पुण्यातही काम करत असल्याने ओळख आधीपासूनची होती. पंचविशीतली विधवा, सोबत लहानगी मनोरमा. भगिनींनी दोघींना मायेने ठेवून घेतले. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा तिथेच झाला. सिस्टर जेराल्डीन यांना तर रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत.

पण याच आजीबाईंशी पुढे पत्रांतून खटके उडाले. येशूच्या देवत्वापासून चर्चच्या अधिकारापर्यंत बरेच विषय त्यांत होते. त्यातलाच एक विषय होता अंडे घातलेल्या पुडिंगचा. रमाबाई शाकाहारी होत्या, बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारीच राहिल्या आणि पुडिंगला हात लावीनात. सिस्टरांना त्यात जुन्या जातीचा उरलेला अभिमान दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे की ख्रिस्त स्वीकारला म्हणून आपल्या लोकांची राहणी टाकून द्यावी लागते, हे शुभवर्तमानात कुठेच लिहिलेले नाही.

वाँटेजच्या भगिनींच्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्यांनी दार उघडले, ताट वाढले, शिक्षणाची सोय केली. तरी ताटात काय असावे हे यजमानानेच ठरवले होते. ख्रिस्ती मंडळ्यांच्या आतिथ्याचा महाराष्ट्रातला इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा हाच प्रश्न सापडतो : घरात आल्यावर कोणी बदलायचे, आलेल्याने की घरच्यांनी?

त्या काळच्या पुण्यात घरच्यांनाही दोष देणे सोपे नव्हते. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. व्याख्यान झाले, चहा-बिस्किटे आली. कोणी घोट घेतला, कोणी कप नुसता हाती धरला. बोलावणे घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी पुढे हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले. चहाचा एक कप पाहुण्याला इतका महाग पडत असेल, तर नुसत्या प्रेमळ मनाने स्वागत होत नाही. पाहुण्याला काय सोसावे लागेल याचा विचार आधी यजमानाने करायला हवा.

हा विचार ज्यांच्या घरात प्रत्यक्ष झाला ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. ताटातुटीनंतर त्या नगरकडे नवऱ्याजवळ आल्या, पण सोवळे सोडून नव्हे. वेगळी चूल, वेगळे पाणी, वेगळी पूजा. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना या दिवसांची पाने मी नेहमी सावकाश वाचतो. तापट, लहरी, घरातले भांडेकुंडे सहज कोणालाही देऊन टाकणारा हा माणूस बायकोच्या धर्माच्या बाबतीत मात्र थांबून राहिला. तिच्या सोवळ्याची सोय त्याने आपल्या ख्रिस्ती घरात करून दिली. लक्ष्मीबाईंना जातिभेद माणसाने केलेला आहे असे पटले ते राहुरीत, त्यांच्याच विचाराने. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या, आणि 1900 साली स्वतःहून ख्रिस्ती झाल्या.

टिळकांनी हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिले ते आयुष्याच्या अखेरीस. अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी त्यांनी 1917 मध्ये सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यातली धिटाईची गोष्ट एकच होती, पण ती फार मोठी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही या दरबारात येशूचे शिष्य म्हणून बसू शकत. बाप्तिस्मा म्हणजे घरातून हकालपट्टी, वारसाहक्कावर पाणी आणि आईच्या हातचे अन्न कायमचे बंद, हे टिळकांना ठाऊक होते. ख्रिस्ताजवळ येणाऱ्याने आधी आपली माणसे तोडली पाहिजेत, ही अट त्यांना येशूची वाटेना. स्वतः ते तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आल्याचे सांगत, मग ती वाट इतरांसाठी का बंद करायची? चर्चमधल्या अनेकांना हे पटले नाही. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबार रुजायच्या आतच ओसरला.

त्याचा धागा उचलला एका इंग्रजाने. जॉन कॉपली विन्स्लो हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले अँग्लिकन पाद्री, नगरला मिशनच्या शाळेत मुख्याध्यापक होते. मिशनरी बंगल्यात राहतो, मराठी ख्रिस्ती माणूस त्या बंगल्याच्या पायरीपाशी उभा राहतो, आणि दोघेही एकमेकांना बंधू म्हणतात, हे त्यांना सलू लागले. जून 1922 मध्ये त्यांनी नगर जिल्ह्यात ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी नारायण वामन टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. संघाची राहणी अशी : अंगावर खादी, जमिनीवर मांडी घालून शाकाहारी जेवण, आणि गोरा-काळा सगळे एका पंगतीत. काही वर्षांनी संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला उभा राहिला.

साहेबाने पाटावर बसणे ही आज गंमत वाटेल. त्या काळी राज्यकर्त्यांच्या जातकुळीतला माणूस आपली खुर्ची सोडून खाली बसतो, याचा अर्थ सरकारला बरोबर कळत होता. 1927 मध्ये आश्रमात आलेला पंचविशीचा व्हेरिअर एल्विन पुढच्याच जानेवारीत साबरमतीला गेला आणि गांधीजींचा होऊन बसला. पोलिसांची नजर त्याच्यावर राहिली. 1932 मध्ये तो आश्रमातलेच शामराव हिवाळे यांच्याबरोबर गोंडांच्या मुलखात राहायला गेला, तेव्हा नागपूरच्या बिशपांनी राजनिष्ठेची शपथ घेतल्याशिवाय धर्मकार्याचा परवाना द्यायला नकार दिला. एल्विनने शपथ घेतली नाही. विन्स्लो 1934 साली इंग्लंडला परतले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण आश्रमाविषयीच्या कौतुकात ती झाकली जाते. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती मूळचे महार आणि मांग समाजातले. जमिनीवर बसणे त्यांच्यासाठी नवे नव्हते. पिढ्यानपिढ्या त्यांना जमिनीवर, तेही उंबऱ्याबाहेर, बसवले गेले होते. मिशनच्या शाळेतला बाक हाच त्यांच्यासाठी मान होता. शाकाहार, संन्याशाचा वेष, संस्कृत मंत्र यांनी ज्याच्यासाठी घर बदलले तो पाहुणा मुख्यतः वरच्या जातीचा होता. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी पुढे भारतीयीकरणाच्या या साऱ्या प्रयत्नांवर हाच आक्षेप घेतला आणि माझ्या मते तो खरा आहे. नारायण वामन टिळकांनी रचलेली मराठी भजने मात्र या आक्षेपातून सुटतात. ती गायला संस्कृत लागत नाही. नगरच्या खेड्यातल्या देवळात टाळ-मृदंगावर ती म्हटली जातात आणि मुंबईच्या मराठी चर्चमध्ये पेटीवरही.

पुण्याच्या आश्रमाचा दुसरा जन्म 1972 मधला. तो मला पहिल्याहूनही मोलाचा वाटतो. या वेळी घर उघडले ते स्त्रियांनी, आणि दोन वेगळ्या पंथांच्या स्त्रियांनी. एका बाजूला रोमन कॅथलिक ‘सेक्रेड हार्ट’ संघाच्या भगिनी. त्यांत मुंबईच्या सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेल्या, शंकराचार्यांवर संशोधन केलेल्या सारा ग्रँट होत्या. आणि दुसऱ्या बाजूला अँग्लिकन ‘सेंट मेरी द व्हर्जिन’ संघाच्या भगिनी, म्हणजे वाँटेजच्याच. ज्या संघाच्या घरी रमाबाईंच्या न खाल्लेल्या पुडिंगची चिंता झाली होती, त्याच संघाच्या भगिनी जवळजवळ नव्वद वर्षांनी पुण्यात शाकाहारी पंगतीला बसल्या. प्रार्थनेत बायबलबरोबर उपनिषदांचे वाचन होऊ लागले. हिंदू, पारशी, परदेशी, कोणताच धर्म न मानणारे, असे सगळे तिथे येऊन राहत, आणि धर्म बदलण्याची अपेक्षा त्यांच्याकडून नव्हती.

चारशे वर्षांपूर्वी एकमेकांना पाखंडी ठरवून वेगळ्या झालेल्या दोन चर्चच्या या बायका एका छताखाली रोजचा भाजीपाला निवडत होत्या. परक्या धर्माच्या माणसाला जवळ घेणे त्यापेक्षा सोपे असते, कारण त्याच्याशी वाटणीचे भांडण नसते. भाऊबंदकीतले वैर जास्त जुने आणि जास्त कडवे. म्हणून आश्रमाचे खरे धाडस मला उपनिषदांच्या वाचनापेक्षा या एकत्र नांदण्यात दिसते. कॅथलिक आणि अँग्लिकन चर्चमधला प्रभुभोजनाचा प्रश्न मात्र आजही सुटलेला नाही. कॅथलिक नियमानुसार अँग्लिकन माणसाला, अगदी अपवादाचे प्रसंग वगळता, पवित्र भाकर देता येत नाही.