ओसरीतला उजेड

गावोगावी माणसांचे फोटो काढताना मी आधी ओसरी शोधते. वर छप्पर, समोर मोकळं अंगण. माणसाला ओसरीच्या कडेला, सावलीतच, पण अंगणाकडे तोंड करून बसवायचं. आकाशाचा मऊ उजेड चेहऱ्यावर पसरतो, डोळ्यांत चमक येते आणि मागची खोली आपोआप अंधारात जाते. असा पडदा कुठल्या स्टुडिओत मिळणार?

भर दुपारी मात्र कॅमेरा पिशवीतच बरा. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो; शून्य सावलीचा दिवस तो हाच. कपाळ तळपतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. फेटा असेल तर अर्धा चेहराच हरवतो. पण फेटा उतरवायला मी कधीच सांगत नाही, तो त्या माणसाच्या चेहऱ्याचाच भाग आहे. त्याऐवजी समोर जमिनीवर पांढरं धोतर पसरते. खालून उजेड उसळतो आणि डोळे दिसू लागतात.

८५ मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर एफ २.८, फोकस जवळच्या डोळ्यावर. सावलीत रंग निळसर पडतात, म्हणून व्हाइट बॅलन्स ‘शेड’वर ठेवावा. मागे काळोख असला की कॅमेऱ्याचं मीटर फसतं, चेहरा पांढराफटक करून टाकतं. अशा वेळी एक्स्पोजर एखादा स्टॉप कमी करा. सावळा माणूस फोटोत सावळाच दिसला पाहिजे, याबाबतीत मी हट्टी आहे.

आणि फोटोची छापील प्रत त्या घरी नक्की पोचवा.