सोंग आणि अस्सलपणा

कळंबहून नाशिक रस्त्याने उत्तरेस गेले असता लागणाऱ्या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाफडांच्या राहुट्या पडतात, आणि सुपारी ठरवताना करारमदाराबाबत काटेकोर असणारा इसमच रात्री सोंगाड्या होऊन गावोगाव हशा पिकवतो; यांतला खरा कोणता? दैनंदिन व्यवहारालाच रंगमंच मानणाऱ्या अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५६ साली मुखवट्यामागील ‘अस्सल’ माणसाची कल्पनाच डळमळीत केली. पुढे २०१० मध्ये फ्लीसन व विल्ट या मानसशास्त्रज्ञांना तर असे आढळले, की अबोल माणसांनाही (गप्प राहणे हाच ज्यांचा स्वभाव, त्यांना!) मोकळेपणाने वागतानाच आपण अधिक अस्सल आहोत असे वाटते. भर खेळात प्रसूत होऊन पुन्हा बोर्डावर आल्याचे जिच्याविषयी सांगतात, ती तमाशा कलावंत विठाबाई तेव्हा अभिनय करीत होती की स्वतःच होती, हा प्रश्न मला तरी निरर्थक वाटतो.