घोरण्याच्या मधली शांतता

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामी असते, त्या रात्री आमच्या शेळगावातही काही घरांच्या ओसरीवर वारकरी पथाऱ्या टाकतात. दिवसभर चाललेली माणसे; अंग टाकले की डाराडूर. मग ओसरीभर घोरण्याचा सामुदायिक कार्यक्रम सुरू होतो आणि घरातली मुले तोंडावर हात धरून हसतात. बहुतेकांचे घोरणे एका लयीत चाललेले असते. एखाद्याचे मात्र चढत चढत जाते आणि एकदम थांबते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त. छाती हलत असते, पण नाकाशी वारा नसतो. मग गचका बसतो, धाप लागल्यासारखा मोठा श्वास येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

घोरणे ही आपल्याकडे गाढ झोपेची पावती समजली जाते. मधली शांतता कोणी ऐकत नाही. आजार त्या शांततेत असतो. त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे जाते आणि श्वासाची वाट बंद होते. तासाला पाचापेक्षा कमी वेळा असे झाले तर काळजी नसते. तीसच्या वर गेले तर आजार तीव्र समजतात. म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा दाबून सोडल्यासारखे, तेही रात्रभर! फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणात हे नाव होते आणि अनेक घरांत ते प्रथमच ऐकले गेले. वास्तविक मुंबईच्याच हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया यांनी नेहमीच्या तपासणीला आलेल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली होती. २००४ साली ती प्रसिद्ध झाली. साडेसात टक्के पुरुषांना हा आजार असावा, असा तिचा अंदाज होता. म्हणजे शंभरातले सात-आठ जण, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याची गंधवार्ता नसणार.

रक्तवाहिन्यांचे काय होते? निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दहा-वीस टक्क्यांनी उतरतो. धमन्यांची ती विश्रांतीची वेळ. श्वास अडला की रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू घाबरून शरीराला हलवतो आणि दाब उसळतो. ही उसळी रात्रीत शेकडो वेळा आली, तर विश्रांती कसली? धमनीच्या आतले नाजूक अस्तर सुजते, तिचे सैल होणे मंदावते, भिंत जाड आणि ताठ होऊ लागते. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा रक्तदाब हटत नाही, त्यांच्यात हा आजार पुष्कळदा सापडतो.

आता जीवनसत्त्वांकडे वळतो, कारण गोळीचा मोह कोणाला नसतो! अ‍ॅप्निया असलेल्यांत 'ड' जीवनसत्त्व अनेकदा कमी आढळते. पण स्थूल माणसांतही ते कमी असते आणि मरगळलेला माणूस उन्हात जातोच कुठे? कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा उलगडा अजून झालेला नाही. 'बी-बारा'ची गोष्ट तर आपल्या पुण्याची. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने पुणे व परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ मध्ये आकडे आले तेव्हा ६७ टक्क्यांत बी-बारा कमी होते. ते कमी झाले की रक्तातले होमोसिस्टीन वाढते आणि त्याचे नाते हृदयविकाराशी लावले गेले आहे. मात्र त्याच वर्षी परदेशांतल्या मोठ्या चाचण्यांत गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरले, हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. 'ड'ची तीच कथा: अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये तसाच लागला. कमतरता असेल तर ती भरून काढावीच. बी-बारा मज्जातंतूंना आणि रक्ताला लागते. पण कोणतीही कुपी घशाची वाट मोकळी करत नाही.

ती करते वजनातली घट, कुशीवर झोपणे, रात्रीची दारू सोडणे आणि सी-पॅप नावाचे यंत्र. ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पुढे आणलेले हे यंत्र मुखवट्यातून हवेचा दाब देते आणि घसा उघडा ठेवते. त्यालाही मी रामबाण म्हणणार नाही. ज्यांना आधीच हृदयविकार होता, त्यांच्यात त्याने पुढचे झटके टळले नाहीत, असे २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. पण ती माणसे यंत्र रात्री सरासरी तीन-सव्वातीन तासच लावत होती. दिवसाची झापड मात्र कमी झाली. गळीत हंगामात पहाटे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यांवरची झापड आठवा, म्हणजे तेवढ्याचीही किंमत कळेल.

खरी अडचण आमच्या घरांच्या रचनेत आहे. उतारवयात पुरुष ओसरीवर किंवा मळ्यातल्या वस्तीवर झोपतो, बायको आत नातवंडांजवळ. श्वास अडतो तेव्हा ऐकायला शेजारी कोणी नसते आणि रोग्याला सकाळी काही आठवत नाही. डोके जड असते, तोंड कोरडे असते, एवढेच. डॉक्टर म्हणूनच हा प्रश्न बरोबर आलेल्या माणसाला विचारतात. आमच्याकडचे आजोबा एकटेच एस.टी.ने बारामतीला जातात, बाकावर डुलक्या घेतात आणि डॉक्टरांना सांगतात, "झोप ना? झोप झकास लागते बघा!"